उजव्या चाकामागचा नंबर

मंचरपासून लोणीपर्यंतच्या रस्त्याला जेवढ्या पाट्या वाचायला मिळत, त्यांतल्या निम्म्या भागुजी पेंटरच्या हातच्या. खताच्या दुकानाची पाटी त्याची, पिठाच्या गिरणीची त्याची, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार त्याचे, आणि निवडणूक आली की एकाच भिंतीच्या दोन टोकांना दोन पक्षांचे उमेदवारही त्याचेच. गाड्यांचे नंबर किती लिहिले त्याची तर गणतीच नव्हती. बाकीचे रंगारी जुन्या रंगावर नवा फासून मोकळे होत. भागुजीला ते जमत नसे. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग खड्डे बुजवायला लांबी, परत पेपर, आणि मग कुठे रंगाचा डबा उघडायचा. "घासल्याबिगर रंग धरत न्हाई," हे वाक्य त्याच्या तोंडी इतकं बसलेलं, की त्याची बायको द्रौपदा भांडी घासतानासुद्धा तेच म्हणून त्याला चिडवायची.

दुसरं त्याचं खूळ धुतलेल्या कपड्यांचं. तलाठ्याकडे साधा उतारा आणायला निघाला तरी पांढरा सदरा, पांढरा पायजमा, निळीत बुडवून काढलेला. हे त्याला आईकडून आलेलं. त्याची आई सखूबाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन बाजाराला पायी जायची, आणि वेशीबाहेरच्या ओढ्यावर पाय-तोंड धुऊन, पदर झटकून मगच गावात शिरायची. पोराला सांगायची, "सायबापुढं मळकं हुबं ऱ्हायचं न्हाई, बाळा. मळकं दिसलं की ते आदी अंगाकडं बघत्यात. मग कागदाकडं बघतच न्हाईत." दीक्षा घेतली त्या वर्षी तिने घरातले देव ओढ्यात सोडले, पण धुण्याचं व्रत काही सोडलं नाही.

तर अशा माणसाच्या घरात २००१ सालच्या उन्हाळ्यात जीप आली.

जीप गावातल्या रखमाजी अण्णांची. भागुजीचा मुलगा राकेश तिच्यावर नऊ वर्षं ड्रायव्हर होता. अण्णांचा मुलगा आदेश पुण्याला नोकरीला लागला, त्याने नवी कोरी गाडी घेतली आणि बापाला म्हणाला, हा खटारा आता काढून टाका. अण्णा राकेशला म्हणाले, "परक्याला द्यायची त्यापरीस तूच घे. तुला तिची खोड म्हाईत हाये." राकेशने तोवर डेअरीत विचारून ठेवलं होतं. वाड्यावस्त्यांवरचे दुधाचे कॅन गोळा करून आणायला डेअरीला गाडी हवी होती. पंधरा जूनपासून काम. अट एकच, गाडी स्वतःच्या नावावर पाहिजे. भागुजीने भिंती रंगवून साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं काढलं. नऊ वर्षं दुसऱ्याच्या गाडीची चावी संध्याकाळी खुंटीला लावून आलेला पोरगा आता चावी स्वतःच्या घरी आणणार होता.

व्यवहार अण्णांच्या ओट्यावर झाला. भागुजी, राकेश आणि सून कल्याणी असे तिघे गेले. कल्याणी बारावी झालेली. लग्नाआधी ती मंचरला झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. आरटीओच्या एजंटांचे कागद रोज तिच्याच हाताखालून जायचे, त्यामुळे गाडीचं काय काय बघायचं हे तिला पाठ. तिने पिशवीतून वही काढली तसे अण्णा हसले.

"काय गं पोरी, परीक्षा हाये का माजी?"

"तसं न्हाई, अण्णा. एकदा वाचून घेती."

"आरं भागुजी, माज्या शबुदावर इश्वास न्हाई व्हय तुमचा?"

भागुजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "इश्वास हाये ना, अण्णा. ऱ्हाऊ दे गं, कल्याणी."

"इश्वास हाये म्हणून तर घेतोय, मामा," कल्याणी सासऱ्याकडे न बघता म्हणाली. "कागूद सायबासाटी."

तिने आरसी बुक वाचलं, टॅक्सची पावती, विमा. जीपवर पूर्वी कर्ज होतं, ते फिटल्याचं पत्र मागितलं. अण्णा दोनदा आत जाऊन आले, तिसऱ्यांदा ट्रंकेतून ते पत्र निघालं. फॉर्मवर जिथे जिथे सही हवी तिथे तिने बोट ठेवलं आणि अण्णांनी सही केली. सही करताना अण्णांची मान ताठ होती. मग तिने पदर खोचला, भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेचं एक पान मागून घेतलं, आणि सरळ अंगणात पाठीवर झोपून जीपखाली शिरली.

"अगं बया!" अण्णांच्या बायको कुशाबाई दारातून ओरडल्या. "ही सून म्हणायची का मिस्तरी?"

ओट्यावर बसलेले दोघे-तिघे खदखदून हसले. भागुजी जमिनीकडे बघत उभा राहिला. जीपखालून सुनेचे तळवे तेवढे दिसत होते, आणि त्याला ते झाकावेत असं वाटत होतं. पुढच्या उजव्या चाकाच्या आत, चेसिसच्या म्हणजे खालच्या सांगाड्याच्या पट्टीवर गाडीचा नंबर ठोकलेला असतो. गंजाने तो नुसता वाचता येत नव्हता. कल्याणीने फडक्याने पट्टी पुसली, पान दाबून धरलं आणि वरून पेन्सिल घासली. करड्या रंगात पांढरे आकडे उमटले. बाहेर येऊन तिने ते आरसी बुकाशी एकेक करून ताडून पाहिले.

"जुळला," ती म्हणाली. तिच्या पाठीला शेणमाती लागली होती.

घरी येताना भागुजी चार पावलं पुढेच चालत राहिला. रागावला होता असं नाही. पण चारचौघांत सून अशी जमिनीवर लोळली, हे काही त्याच्या गळी उतरत नव्हतं.

नावावर करायचं काम गेणभाऊकडे दिलं. गेणभाऊ म्हणजे आरटीओचा एजंट. मंचरला लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून बसायचा. आरटीओचे साहेब महिन्यातून एकदा कॅम्पला येत. जूनच्या पहिल्या मंगळवारी येणार होते. गेणभाऊ म्हणाला, "कागूद येक नंबर हायेत. गाडी तेवडी दावायची. जशी हाये तशी आना, पेंटर. फार तर चिकूल धुवा."

जशी आहे तशी, हे शब्द भागुजीच्या कानात काही नीट बसले नाहीत. साहेबापुढे उभी करायची आणि जशी आहे तशी?

मेच्या शेवटी कल्याणीच्या भावाचं लग्न निघालं. जुन्नरपलीकडच्या तिच्या माहेरी ती आणि राकेश चार दिवस गेले, एसटीने. नावावर होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही असं कल्याणीने बजावलं होतं. जीप दारात लिंबाखाली, आणि भागुजी मोकळा.

पहिल्या दिवशी त्याने नुसती धुतली. दुसऱ्या दिवशी बॉनेट घेतलं. त्यावर 'आदेश' असं नाव होतं, नऊ वर्षांपूर्वी त्यानेच घातलेलं. ते निघता निघेना. भागुजीला मनातून बरंच वाटलं, आपलं काम आपल्यालाच दाद देत नाही म्हणून. ते खरवडून त्याने रंगाचे तीन हात दिले, प्रत्येक हात वाळवून. मधली जागा मोकळी ठेवली. तिथे सखूबाई असं नाव घालायचं होतं. पण ते कागद नावावर झाल्यावर. आधी नाव घालणं म्हणजे लेकरू व्हायच्या आधी पाळणा बांधणं.

तिसऱ्या दिवशी तो खाली शिरला. खाली नऊ वर्षांचा चिखल, ग्रीस आणि गंज यांची खपली धरलेली. तारेच्या ब्रशने ती हलेना. मग त्याने वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडर आणला. लोणीच्या बाजूचं ऊन ते, वारा आला तरी तव्यावरून आल्यासारखा. भागुजी पाठीवर झोपलेला, डोळ्यांवर फडकं, दातांत कचकच, छातीवर ठिणग्या. द्रौपदा दर तासाला पाण्याचा तांब्या घेऊन येत होती.

"अवं, खालून कोन बघतंय?" ती म्हणाली.

"सायब बघतो. वाकून बघतो तो."

"बघंल तवा बघंल. दोन घास तर खाऊन घ्या."

"घासल्याबिगर..."

"रंग धरत न्हाई. म्हाईत हाये मला," द्रौपदा म्हणाली आणि तांब्या ठेवून गेली.

चेसिसची पट्टी त्याने आरशासारखी केली. गंजाने जिथे जिथे खड्डे पडले होते तिथे आणखी घासलं, लांबी भरली, पेपर मारला आणि वर काळा रंग दिला. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याला हात वर उचलवत नव्हता. पण जीप अशी दिसत होती, की येणारा-जाणारा थांबून म्हणत होता, "पेंटर, नवी घेतली का काय?" इतक्या वर्षांत स्वतःच्या मालकीच्या वस्तूला त्याने पहिल्यांदाच रंग दिला होता. तो खुशीत होता, आणि खुशीत होता म्हणून लपवतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्याणी आणि राकेश आले. राकेश जीपभोवती दोन फेऱ्या मारून हसतच राहिला. कल्याणीनेही कौतुक केलं. मग म्हणाली, "मामा, परवा कॅम्प हाये. फॉर्मवर छाप लागती नंबराची. आत्ताच काडून ठेवती." पेन्सिल घेऊन ती खाली शिरली.

खालून फडक्याने पट्टी पुसल्याचा आवाज आला, दोनदा. मग ती म्हणाली, "मामा, हितला नंबर?"

"हाये की. रंगाखाली आसंल."

रॉकेल आणलं. भागुजी स्वतः खाली गेला. रंग मऊ पडला, निघाला. लांबी निघाली. खाली स्वच्छ लोखंड होतं. त्याने बोट फिरवलं. जन्मभर त्याची बोटं पत्र्यावरून फिरलेली, केसाएवढा चरा असला तरी कळायचा. तिथे काहीही लागत नव्हतं. त्याने परत फिरवलं, मग डोळे मिटून फिरवलं. कल्याणी पलीकडून पालथी पडून त्याच्याकडे बघत होती. आता तिच्या लोळण्याची त्याला लाज वाटली नाही. स्वतःचीच वाटली.

"म्या घासला," तो म्हणाला.

राकेश चाकाशी उकिडवा बसला होता. तो उठला आणि रस्त्याकडे निघून गेला.

सकाळी तिघं गेणभाऊच्या टेबलापुढे. गेणभाऊने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "पेंटर, मी सांगितलं व्हतं का न्हाई, जशी हाये तशी आना? चोराची गाडी आसली म्हंजी लोक पह्यलं ह्येच करत्यात!"

"आता?" राकेशने विचारलं.

गेणभाऊने आजूबाजूला बघितलं. "ठोकून देनारा मानूस हाये. आकडे ठोकायचे पंच हायेत त्याच्याकडं. दोन तासांचं काम. वरून गंज आल्यावानी करून देतो. कुनाच्या बापाला कळत न्हाई."

"आन् कळलं तर?" कल्याणीने विचारलं.

"कळलं तर मग गुन्हा. पर कळत न्हाई."

राकेश बापाला म्हणाला, "ठोकून घिऊ, दादा. नंबर आपलाच हाये. खोटा थोडाच हाये?"

भागुजीने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. पंच हातात दिले तर तो स्वतःच असा ठोकेल की कारखान्यातल्या माणसाला ओळखू येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. नंबरही खरा, गाडीही खरी, कागदही खरे. फक्त ठोकणी तेवढी खोटी. त्याने सुनेकडे बघितलं.

"न्हाई, मामा," ती म्हणाली. "आपल्याकडं समदं खरं हाये. खऱ्यात कशाला खोटं घालायचं? माज्याकडं छाप हाये ना, दिनदर्शिकेवरची. सायबाला सांगू."

"सायब मानूसच हाये," भागुजी म्हणाला. गेणभाऊने नुसती मान हलवली.

मंगळवारी कॅम्पला पन्नास-साठ गाड्या उभ्या होत्या. चिखलाने माखलेले ट्रॅक्टर, एका दिव्याचे टेम्पो, दोरीने दार बांधलेल्या जीपा. त्यात भागुजीची जीप नवरीसारखी. भागुजी पांढऱ्या कपड्यांत तिच्याशेजारी उभा, हातात फाईल. साहेब तरुण होता, उन्हाने वैतागलेला. पुढच्या टेम्पोकडे त्याने नीट बघितलंही नाही, सही ठोकली. जीपपाशी मात्र थांबला. एवढी चकचकीत गाडी बघून कोणीही थांबलं असतं. तो खाली वाकला. टॉर्च मारली, बोट फिरवलं.

"नंबर कुठंय?"

"म्या घासला, सायब."

"काय?"

"घासला. चुकून. साफ करताना."

"का पण?"

"सोच्छ दिसावी म्हनून. तुमच्यापुढं आनायची म्हनून, सायब."

मागच्या रांगेतला एक ट्रॅक्टरवाला फिस्सकन हसला, मग सगळी रांग हसली. साहेब हसला नाही. त्याने भागुजीच्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघितलं, वरून खालपर्यंत. कल्याणी पुढे झाली. एकेक कागद दाखवला, शेवटी दिनदर्शिकेचं पान. साहेबाने ते उन्हात धरलं. आकडे आरसी बुकातल्यासारखेच होते.

"हे बघा ताई," तो म्हणाला, "मला तुमचं खोटं वाटत नाही. पण हा नंबर कागदावर आहे. मला लोखंडावरचा पाहिजे. उद्या हीच गाडी कुठे चोरीची निघाली, तर सही कोणाची? माझी."

"इंजनावर नंबर हाये की," राकेश म्हणाला.

"इंजिन बदलता येतं."

त्याने फोन लावला. तासाभराने ठाण्यातले हवालदार आले. आपण होऊन खरं सांगायला आलेल्या माणसाची गाडी हवालदारच चालवत घेऊन गेले. राकेशने चावी हातात दिली तेव्हा त्याला संध्याकाळच्या खुंटीची आठवण झाली असेल. पांढऱ्या कपड्यांतला भागुजी मैदानाच्या मधोमध उभा राहिला. पलीकडच्या, दोरीने दार बांधलेल्या जीपचा मालक पास होऊन बाहेर निघाला होता.

जबाबाला रखमाजी अण्णांना बोलावलं. अण्णा आयुष्यात कधी ठाण्याची पायरी चढले नव्हते. त्यांनी जे होतं तेच सांगितलं. "म्या गाडी दिली तवा नंबर व्हता. त्येंच्या सुनंनं सोता कागदावर काडून घेतला, धा जनांदेकत. फुडं काय झालं ते मला म्हाईत न्हाई." शब्द न् शब्द खरा. खाली त्यांनी सही केली, तशीच ताठ मानेने. अण्णा त्यातून सुटले, आणि भागुजी त्यातच अडकला. बाहेर पायरीवर दोघे समोरासमोर आले.

"शबुदावर भागत व्हतं, भागुजी," अण्णा म्हणाले. "तुमालाच कागूद पायजे व्हता." आणि काठी टेकत गेले.

भागुजीने फाईल काखेत घेतली आणि घरची वाट धरली.

घासलेला नंबर औषध लावून परत उठवता येतो, असं ठाण्यात कळलं. त्यासाठी लॅबचा माणूस यावा लागतो. कल्याणीने अर्ज केला. मग त्या अर्जाचं काय झालं हे विचारणारा दुसरा अर्ज केला. पंधरा जूनला डेअरीने दुसरी गाडी लावली. राकेश चाकणला एका मालकाच्या टेम्पोवर गेला, आता पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा, आणि बापाशी हवापाण्यापुरतं बोलायचा. गावात कोणी तोंडावर काही म्हणालं नाही. फक्त पाटी रंगवायला आलेला एखादा म्हणायचा, "पेंटर, नंबर तेवडा नका घासू हां!" आणि हसायचा. भागुजीही हसायचा. न हसून सांगतो कोणाला?

दिवाळीच्या आधी ठाण्यातून हवालदार सायकलवर आला. मोठे साहेब तपासणीला येणार होते, आणि आवारातल्या जप्त गाड्यांवर मुद्देमालाचे नंबर घालायचे होते. हे काम वर्षानुवर्षं भागुजीचंच. नाही कसं म्हणायचं? डबा, ब्रश, पेपर घेऊन तो गेला.

आवारात अकरा गाड्या. गवत गुडघ्याएवढं. त्याने एका बाजूने सुरुवात केली. प्रत्येक गाडीचा पत्रा घासला, पुसला, आणि पांढऱ्या रंगात नंबर घातला. दुपारी अकरावीपाशी आला. टायर बसले होते, काचेवर पाखरांची घाण. बॉनेटवर धूळ होती. त्याने हात फिरवला तशी खालून झळाळी निघाली. तीन हात दिलेले.

हवालदार यादी वाचत म्हणाला, "मुद्देमाल बासष्ट, दोन हजार एक. हितंच घाला, पेंटर, मधोमध. जागा बी मोकळीच हाये."

भागुजीने पॉलिश पेपर उचलला, बघितला, आणि परत पिशवीत ठेवला. एवढी एकच गोष्ट त्याच्या हातात होती. घासल्याविना घातलेला नंबर दोन पावसाळ्यांत पोपडे धरून गळून जाईल, आणि खाली आईची जागा तशीच निघेल. जन्मात पहिल्यांदा त्याने न घासता ब्रश टेकवला. हात मात्र ऐकेना. आकडे सुरेख आले, एका ओळीत.

"अक्षर लई झ्याक तुमचं," हवालदार म्हणाला.

दोन पावसाळे गेले, तिसराही गेला. लॅबचा माणूस काही आला नाही. बाकीच्या दहा गाड्यांचे पत्रे आतून गंजले आणि घासून घातलेले नंबर पोपड्यांसकट गळून पडले. ते परत घालायला भागुजीला बोलावणं आलं. जीपवरचा नंबर जसाच्या तसा होता, कालच घातल्यासारखा. खालचं काम पक्कं होतं, म्हणून त्याने रंग धरला होता.